भिंतीवरचे पाचशे साठ लिटर

तिगाव स्टेशनावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात दूध संकलन केंद्र आहे आणि त्याची वही माझ्याकडे आहे. सकाळ-संध्याकाळ चव्वेचाळीस घरांचं दूध माझ्यासमोरून जातं. लिटर किती आणि फॅट किती, एवढंच मी लिहितो. पण अकरा वर्षं हे दोन आकडे लिहिल्यावर घरात न जाता घर दिसायला लागतं. जावई मुक्कामाला आला की दूध दोन लिटरनं घटतं. सासूसुनेचं बोलणं बंद झालं की दूध उशिरा येतं, कारण धार कोणी काढायची हे ठरत नाही. गुणवंतराव घागऱ्यांच्या घरचं दूध मात्र रोज बत्तीस लिटर आणि फॅट सहा-आठ, म्हणजे सहा पॉइंट आठ. त्या घरात काही घडतच नाही, असा माझा समज होता.

गुणवंतकाकांची ओळख संत्र्यावरून. अडीचशे झाडं, सगळी आंब्या बहाराची. या बहाराला डिसेंबरात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. झाड सुकतं, पानं गळतात. मग दीड महिन्यानं पाणी सोडलं की सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. पाणी किती दिवस तोडून ठेवायचं हे गावात काकांइतकं कोणाला कळत नाही. लोक त्यांना आपल्या बगीच्यात नेतात. काका एक पान चुरगळून वास घेतात आणि सांगतात, "आठ रोज अजून राहू दे. मरत नाही थे." आणि खरंच मरत नाही.

म्हशी विजयाकाकूंच्या. चार दुधाच्या, एक आटलेली आणि एक अजून न व्यालेली वगार. काकू अंगणवाडीत मदतनीस आहेत, दहा ते तीन तिकडे असतात. सून हिमानी सौंसरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते, दहाची बस पकडते, पाचला येते. मुलगा रोशन नागपूरला कंपनीत. म्हशींची नावं काकूंनी ठेवली, काका त्यांना नुसतं 'थ्या', म्हणजे 'त्या', म्हणतात.

भानगड झाली ती विहिरीवरून. विहीर एकच. तिच्यावर संत्राही आणि गोठाही. फेब्रुवारी संपता संपता मोटर अडीच तासांच्या वर चालेना. झाडांवर फळ ज्वारीच्या दाण्याएवढं झालेलं. आता पाणी कमी पडलं तर सगळं गळणार. एके दिवशी पांढुर्ण्याच्या बाजारातला गुरांचा व्यापारी येऊन म्हशींच्या पाठीवर हात फिरवून गेला, आणि संध्याकाळी काकू माझ्या केंद्रावर कॅन ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"चार विकतो म्हणतात, सुधाकर. मार्चअखेरीपर्यंत गोठ्याचं पाणी अर्धं झालं तर राहतीन म्हणे म्हशी. नाही तं चार जातीन."

"अर्धं म्हणजे किती?"

"थेच तं मी इचारलं. म्हणाले, अर्धं म्हणजे अर्धं."

आता मला एक विचारा. ज्याचा पूर्ण आकडा माहीत नाही, त्याचं अर्धं कसं करायचं? पण घागऱ्यांच्या घरात हा प्रश्न चार दिवस कोणाला पडला नाही. चार दिवस काकू नुसत्या अर्ध्या बादलीनं म्हशी धूत होत्या, म्हणजे दुप्पट वेळा.

नेमकं त्याच आठवड्यात सुप्रिया आली. आमच्याच भागातल्या वामन मास्तरांची मुलगी, आता सरकारी गुरांची डॉक्टर. समाजमंदिरात तिनं सगळ्या दूधवाल्यांना बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "एक लिटर दुधासाठी तुम्ही किती पाणी वापरता?"

मग मागून भूपेंद्र उठला. "मॅडम, आम्ही दुधात पाणी टाकत नाही!"

"टाकतच नाही!" दहा-बारा जण म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ती हसली. तिनं सांगितलं, म्हशीनं प्यायचं पाणी, धुण्याचं पाणी, गोठा सारवण्या-झाडण्याचं पाणी, सगळं मोजायचं आणि दुधाच्या लिटरनं भागायचं. तिच्याजवळ पाण्याचं एक मीटर होतं, महिनाभर कोणाच्या तरी गोठ्याला लावायचं होतं. विजयाकाकू उभ्या राहिल्या. "आमच्या गोठ्याले लावा. आमच्याकडे अर्धं करायचं हाये."

दुसऱ्या दिवशी गोठ्याकडे जाणाऱ्या पाइपावर मीटर बसलं. अर्धी बादली बाजूला ठेवून एक दिवस नेहमीसारखा पाइपानं जाऊ दिला. संध्याकाळी हिमानीनं आकडा वाचला आणि परत वाचला.

"अकराशे वीस लिटर."

"कायचे?" गुणवंतकाका म्हणाले.

"पाणी, बाबा. एका दिवसाचं."

मी खिशातला पेन काढला. बत्तीस लिटर दूध, अकराशे वीस पाणी. "एका लिटर दुधाले पस्तीस लिटर पाणी, काका."

काका खाटेवर बसले. म्हशींकडे पाहिलं. "माय वं! एवढं पेतात थ्या?"

"पेत नाहीत," सुप्रिया म्हणाली. "सहा जनावरं मिळून पावणेचारशेच्या आसपास पितील. बाकीचं नालीत जाते."

काकांनी चुन्याच्या डब्यात बोट बुडवलं आणि गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ५६०. "हे अर्धं. एकतीस तारखेले मी मीटर पाहीन. याच्या वरते एक लिटर गेलं का चार म्हशी गेल्या."

नालीतलं साडेसातशे लिटर शोधायला फार दूर जावं लागलं नाही. विजयाकाकू पाइपानं म्हशी धुतात, आणि धुताना बोलतात. मी स्वतः उभं राहून पाहिलं. शेजारची वंदना कुंपणापाशी आली आणि बोलणं तिच्या नणंदेवर गेलं, तेव्हा पाइप मैना नावाच्या म्हशीच्या एकाच पायावर सोळा मिनिटं होता. तो पाय तालुक्यातला सर्वांत स्वच्छ पाय असावा. मीटरवर त्या नणंदेचे एकशे तीस लिटर पडले.

सुप्रियानं चार गोष्टी सांगितल्या. शेण आधी कोरडंच फावड्यानं ओढून काढायचं, मग धुवायचं. अंगाला खरारा, पाणी रोज नाही. धारेआधी कास ओल्या फडक्यानं पुसायची. आणि धुतलेलं पाणी नालीतून नेपिअर गवताच्या वाफ्यात सोडायचं. "आणि प्यायचं पाणी कमी करायचं नाही," हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या वेळी काका व्यापाऱ्याचा फोन घेऊन बाहेर गेले होते. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं. पण मी त्या वेळी भागाकार करत होतो.

आठवडाभरात मीटर सहाशे चाळीसवर आलं. दूध बत्तीसच. म्हणजे लिटरमागे वीस. काकू दर सकाळी कॅन ठेवताना आकडा सांगायच्या, जसं काही दहावीचा निकाल. अजून फक्त ऐंशी लिटर कमी करायचं होतं.

मग गुणवंतकाका मदतीला आले.

"दुपारचं पाणी मी पाजत जाईन," ते म्हणाले. "तुम्ही दोघी घरी नसता, सकाळचं टाकं दुपारपर्यंत पुरत नाही. मी रिकामाच राहतो."

काकूंना एवढा आनंद झाला, की त्यांनी त्या दिवशी काकांना चहात साखर घातली. डॉक्टरनं मना केलेली होती. हा माणूस तीस वर्षांत म्हशीच्या दावणीकडे गेला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मीटर पाचशे तीस. भिंतीवरच्या आकड्याच्या खाली! हिमानीनं फोटो काढून रोशनला पाठवला. पण माझ्या वहीत दूध एकोणतीस झालं. पुढे सत्तावीस. मग चोवीस.

"चोवीस?" काकू म्हणाल्या. "सुधाकर, तुझं माप चुकून राहिलं."

"बाकी त्रेचाळीस घरचं बरोबर येते, काकू."

"मंग आमचंच काऊन चुकते?"

त्याहून मोठी भानगड फॅटची होती. दूध घटत होतं आणि फॅट वाढत होती. सहा-आठवरून सात, सातवरून सात-तीन. मी मशीन दोनदा धुतली. भूपेंद्रचं दूध लावलं, त्याची नेहमीची सहा-दोन आली. परत घागऱ्यांचं लावलं, सात-तीन. संध्याकाळी गुणवंतकाका स्वतः केंद्रावर आले. त्यांनी पूर्वी कधीच कॅन आणला नव्हता.

"फॅट किती आली?"

"सात-तीन."

काकांनी मान हलवली. पान चुरगळून वास घेतल्यावर हलवतात, अगदी तशी. "लागून राहिलं," ते म्हणाले आणि निघून गेले.

काय लागून राहिलं? कुठं? मी रात्रभर नाही, पण जेवण होईस्तोवर विचार केला.

त्या आठवड्यात प्रत्येकाकडे एक एक कारण होतं. हिमानीचं म्हणणं, मीटर बिघडलं. तिनं दोनशे लिटरचा ड्रम भरून पाहिला, मीटरनं दोनशे एक दाखवलं. मीटर सुटलं. काकूंचं म्हणणं, वंदनाची नजर लागली, कारण आता धुताना बोलणं होत नाही म्हणून ती चिडली आहे. शनिवारी त्या जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाऊन आल्या, येताना सहा काळे दोरे आणले आणि सहाही म्हशींच्या गळ्यात बांधले. त्या दिवशी दूध तेवीस आलं.

आणि माझं कारण? ते सांगायची लाज वाटते, पण वहीत खाडाखोड करत नाही मी. मला वाटलं, काकू दूध परस्पर स्टेशनावरच्या चहावाल्याला देतात. म्हशी जाणारच असतील तर चार दिवस बाहेर द्यावं, असा विचार बाईमाणूस करू शकतं. मी तिगाव स्टेशनावर जाऊन तीन कप चहा प्यायलो. तीनही पाकिटातल्या दुधाचे होते. चहावाल्यानं उलट मलाच विचारलं, "भाऊ, तुमच्या गावात चांगल्या फॅटचं दूध कोनाकडे भेटते?"

शेवटी हिमानीनं सुप्रियाला फोन लावला आणि मोबाइल खाटेवर ठेवला. आम्ही सगळे वाकून बसलो.

"चारा बदलला का?"

"नाही. थेच कुटार, थेच सरकीची ढेप."

"ताप आहे? शेण पातळ?"

"नाही वो बाई," काकू म्हणाल्या. "शेण तं एकदम चांगलं. कोरडं, गोळेच्या गोळे. फावड्यानं ओढाले किती सोपं झालं."

"पाणी पितात ना?"

"बाप्पा! पेतात म्हणजे! संध्याकाळी मी अंगणवाडीतून येऊन सोडते, तं अशा तुटून पडतात! एका दमात टाकं खाली. त्या वगारीनं तं परवा टाकं चाटलं."

"मग पाण्याचं बरं आहे," फोनमधून आवाज आला. "ऊन वाढलं, त्यानं असेल. मी सोमवारी येते."

काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. ते नुसते आढ्याकडे पाहत होते, चेहऱ्यावर असं समाधान की आपल्याला पेपर आधीच माहीत आहे आणि बाकीचे अजून लिहून राहिले.

मीटर चारशे पन्नासवर गेलं. दूध एकवीस. मी भागाकार केला आणि पेन खाली ठेवला. साडेएकवीस! पाणी सहाशे चाळीस होतं तेव्हा लिटरमागे वीस लागत होतं. आता पाणी दोनशेनं कमी झालं आणि लिटरमागे दीडनं जास्त लागत होतं. पाणी वाचवता वाचवता आम्ही पाणी जास्त खर्च करत होतो. मी हे काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे म्हशी राहतात का जातात, एवढं सांग."

"भिंतीच्या हिशोबानं राहतात."

"अन् दुधाच्या हिशोबानं?"

"दूध असंच उतरलं तं ठेवून करसान काय?"

काकू मैनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा हात फासळ्यांवर अडखळला. "ही वाळून राहिली, सुधाकर. पाहा नं. मी खाऊ घालते, पाजते, रोज पुसते. अजून काय करू मी?"

त्या दिवशी मला वाटलं की दोन वेळच्या आकड्यांनी भागणार नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, एवढंच आम्ही मीटर वाचत होतो. मी ठरवलं, दहाला आणि चारलाही वाचायचं. सोमवारी दहाला पाहिलं आणि चारला पाहिलं. आकडा तोच. मला वाटलं, मी चुकीचं लिहिलं. मंगळवारी हातावर लिहून घेतलं. दहा ते चार, एक लिटरही पाणी पाइपातून गेलं नव्हतं. सुप्रियाचं सोमवारचं येणं बुधवारवर गेलं होतं. बुधवारी ती आली तेव्हा मी तिला हात दाखवला.

"दुपारी पाणी कोण पाजतं?" तिनं विचारलं.

एक वाजता आम्ही दोघं मागच्या बाजूनं गोठ्यात गेलो. ऊन असं की टिनाचं छत तडतड वाजत होतं. गुणवंतकाका दारात खाट टाकून बसले होते. पाण्याच्या टाक्यावर, सकाळच्या उरलेल्या पाण्यासकट, पत्रा झाकलेला, पत्र्यावर दोन विटा. कॉक बंद. म्हशी दावणीला जीभ काढून उभ्या. मैनेनं पत्र्याला नाक लावलं आणि ढुशी मारली. काका अगदी मायेनं म्हणाले, "थांब वं. पाचच रोज राहिले."

"काका!" सुप्रियाचा आवाज फुटला. "पाणी काऊन बंद केलं?"

काका दचकले नाहीत. उलट, कोणी तरी शेवटी विचारलं म्हणून त्यांना बरं वाटलं असावं.

"ये, बस बाई. ताण देऊन राहिलो."

"म्हशींना?"

"मंग कोनाले? पंधरा रोज झाले. अजून पाच राहू देतो अन् मंग एकदम सोडतो पाणी. तू पाहाच. दुधाचा बहार येते का नाही थे पाह."

सुप्रियानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पाच वर्षांच्या कॉलेजात हा धडा नव्हता आणि माझ्या अकरा वर्षांच्या वहीत हा रकाना नव्हता.

"काका, दूध बत्तीसचं एकवीस झालं!" मी म्हणालो.

"पानं गळणारच. ताणात पानं गळतातच, सुधाकर, तू काय नवीन हाये का? लोक घाबरतात अन् मधातच पाणी सोडतात, तिथंच बगीचा मारतात. अन् फॅट काऊन वाढली मंग, सांग. तूच सांगतलं, सात-तीन. ताण लागल्याशिवाय वाढते का?"

त्या माणसाचा चेहरा इतका खात्रीचा होता, की क्षणभर मलाच वाटलं, असेल बुवा.

सुप्रिया त्यांच्या पुढं उकिडवी बसली. "काका, दूध कमी झालं म्हणून फॅट दाट दिसते. कढई आटवली का खवा होतो, तसं. दूध वाढलं नाही, आटलं. आणि झाडाची मुळं खाली जातात, ओल शोधतात. ताणातही झाड काही तरी पितच राहते. हिच्या गळ्यात दावं हाये. ही कुठं जाणार शोधाले?"

काकांनी एका म्हशीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. कधी न पाहिल्यासारखं.

"मुळं नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"नाहीत, काका."

"हे ध्यानातच नाही आलं." ते उठले. एक वीट खाली ठेवली आणि दुसरी हातातच राहिली. "मले विकायच्या नव्हत्या रे, सुधाकर. व्यापाऱ्याले शब्द देल्ला, भिंतीवर आकडा लिहिला, घरात सांगतलं. आता मागं कसं फिराव? वाटलं, दुपारचं तोडू, आकडा बी खाली येते अन् बहार बी येते. रोशनच्या मायले एकतीसले सांगणार होतो."

पत्रा बाजूला केला. कॉक सोडला. पाणी टाक्यात पडल्याबरोबर सहाही डोकी एकदम खाली गेली आणि पुढची काही मिनिटं त्या गोठ्यात पिण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी मीटरकडे पाहत होतो. चाळीस, सत्तर, शंभर. काकाही पाहत होते. आकडा वाढताना त्यांचा चेहरा पडत होता आणि म्हशींकडे पाहिलं की परत वर येत होता. दोन्हीकडे एकदम पाहता येत नव्हतं.

काकू तीनला आल्या. टाक्याजवळची वीट त्यांना दिसली, पत्रा दिसला, नवऱ्याचा चेहरा दिसला. तीस वर्षांचा संसार; एवढं पुरतं.

"पंधरा रोज?" त्या म्हणाल्या.

"पंधरा."

"अन् मी त्या बिचाऱ्या वंदनाच्या नावानं दोरे बांधले!"

त्या दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. दूध उशिरा आलं, हे मी वहीवरून सांगतो.

आता सरळ हिशोब उरला होता. प्यायचं पाणी पूर्ण सोडलं, बाकीचं आणखी आवळलं. दूध चढायला लागलं, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. पण मीटरही चढलं, सहाशेच्या जवळ. उन्हाळा लागला होता, म्हशी जास्तच पीत होत्या. एकतीस तारखेला सकाळी हिमानीनं आदल्या दिवसाचा आकडा वाचला. पाचशे त्र्याऐंशी. दूध तीस.

"तेवीस लिटर वरते," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अकराला व्यापारी येणार होता, म्हणून दोघी कामावर गेल्या नव्हत्या. हिमानी मीटरच्या पाइपाबरोबर चालत गेली, एक एक जागा पाहत. गोठ्याच्या दारातल्या नळापाशी थांबली. तिथं चिखल होता.

"बाबा, तुम्ही बगीच्यातून आले का पाय कुठं धुता?"

"इथंच."

"सकाळ-संध्याकाळ?"

"मंग? चिखलाचे पाय घरात नेऊ का?"

मी बादली आणली. काकांना पाय धुवायला लावले, नेहमीसारखे, घाई न करता, गुडघ्यापर्यंत. बादली मोजली. एका वेळचे दहा लिटर. दोन वेळचे वीस.

"हे पाय गोठ्याच्या खात्यात काऊन?" काकू उठल्या. त्यांचा आवाज पंधरा दिवसांनी परत आला होता. "चिखल बगीच्याचा! संत्र्याचा चिखल म्हशीनं काऊन धुवाव? काढ हे वीस लिटर, सुधाकर!"

मी काढले. पाचशे त्रेसष्ट. भिंतीवर पाचशे साठ. तीन लिटर वर. आम्ही चौघं त्या चुन्याच्या आकड्याकडे पाहत उभे होतो. तीन लिटर म्हणजे मैनेचे चार घोट. काका त्या आकड्याच्या अगदी जवळ गेले. मला वाटलं, पुसतात. पण हा माणूस स्वतःचं लिहिलेलं पुसणारा नव्हता.

बाहेर मोटारसायकल थांबली. व्यापारी आत आला, त्याच्या हातात दोर होते. त्यानं चार म्हशींवर नजर टाकली. "काय गुणवंतराव, सोडायच्या ना? महिना झाला."

काकूंनी मैनेचं दावं धरलं होतं. काकांनी मीटरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जसं काही मी वहीतून एखादा उपाय काढीन. माझ्याकडे नव्हता. तीन लिटर तीनच राहतात.

"तुम्ही कधी बगीचा घेतला का?" काकांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"नाही. आपलं गुरांचं काम."

"म्हणून तुमाले समजत नाही. ताण तोडून पाणी सोडलं, सहा रोज झाले. पाणी सोडल्यावर कोनी बगीचा विकते का? आता तं फूल दिसून राहिलं."

"कोनता बगीचा? म्हशींचं बोलून राहिलो मी!"

"मी बी म्हशींचंच बोलून राहिलो," काका म्हणाले.

व्यापाऱ्यानं माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारलं, यांना बरं आहे ना? मी पुन्हा छताकडे पाहिलं. तो दोर गुंडाळून निघून गेला. काकूंनी दावं सोडलं नाही, पण दुपारी चहात साखर होती.

पाचशे साठ अजून भिंतीवर आहे. काका आता पाय बगीच्यातल्याच पाण्याच्या दांडात धुतात आणि धुतलेल्या पाण्याकडे संशयानं पाहतात. दूध चौतीसवर गेलं, ही मला पण आधी न कळलेली गोष्ट आहे. आधी बत्तीस होतं. सुप्रिया म्हणते, आता दुपारीही टाकं भरलेलं असतं, पूर्वी सकाळचंच पाणी दुपारपर्यंत पुरवावं लागायचं, म्हणून. मला पटतं. काकांना पटत नाही.

परवा ते केंद्रावर आले. रांग संपेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "सुधाकर, एक सांग. ताण देल्ला नसता, तं चौतीस झालं असतं का?"

"झालं असतं, काका. नुसतं दुपारचं पाणी पाजलं असतं तरी."

काकांनी फॅटच्या मशीनवर बोटानं टिचकी मारली.

"कोनाले सांगता येते," ते म्हणाले. "पंधरा रोज देल्ला होता. मधात सोडला नसता, वीस पुरे केले असते, तं काय मालूम."